मोगऱ्याची कुंडी

मोगऱ्याला कळ्या लागलेल्या असताना त्याची कुंडी बदलावी का, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: छे, भलतंच! पिंपळे सौदागरच्या आमच्या इमारतीत बाल्कनीत कुंड्या ठेवणारी वीस-पंचवीस घरं तरी असतील आणि त्या सगळ्यांना हा नियम तोंडपाठ आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, बहरातलं झाड म्हणजे दिवस गेलेली बाई, तिला का कुणी घर बदलायला लावतं? नियम चांगलाच आहे. तो मोडा असं सांगायला मी बसलेले नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात हा नियम उलटसुलट तपासून पाहावा लागला, कारण एका बाजूला झाड होतं आणि दुसऱ्या बाजूला अम्मी.

आधी नियमाबद्दल. गंमत अशी की तो सांगणारे आपण सगळे तो रोज मोडत असतो. झाड विकत घ्यायला जातो तेव्हा आपण कोणतं रोप उचलतो? फुललेलं. कोकणे चौकाकडे जाताना रस्त्याच्या कडेला मांडलेली रोपं असोत, नाहीतर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारं पुष्पप्रदर्शन असो, फूल नसलेल्या गुलाबाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून किंवा थेट आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियममधून गाड्या भरून रोपं येतात, ती काळ्या पिशवीत आणि ऐन बहरात. घरी आणलं की पिशवी टराटरा फाडून आपण ते त्याच दिवशी नव्या कुंडीत लावतो. आठवड्याने कळ्या गळतात. मग माती वाईट, हवा वाईट, नर्सरीवाला फसवा.

नर्सरीवाला फसवा नसतो. रोप आधीच प्रवासाने शिणलेलं असतं. दाट सावलीच्या जाळीखालून ते आपल्या सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात आलेलं असतं. त्यात त्याच्या मुळांना हात लागतो. कडियमकडच्या रोपांच्या मुळाशी चिकट लाल मातीचा गोळा असतो, तो पाण्याने आधी चिखल होतो आणि मग विटेसारखा वाळतो. तो फोडायला हवा हे खरं, पण आणल्या दिवशी नाही आणि फुलांत तर नाहीच. पंधरा दिवस रोप पिशवीतच राहू द्यावं. बाल्कनीच्या आतल्या बाजूला, पाणी बेताचं.

कळ्याच का गळतात? झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नव्हे. जाड मुळं म्हणजे नळाचे पाइप. खरं पाणी ओढतात ती टोकाची पांढरी, सुतासारखी मुळं आणि त्यांच्यावरची लव. ही लव इतकी नाजूक की मातीचा गोळा जरा हलला तरी तुटते. नवी यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात पानं आणि फुलं मात्र हवेत पाणी सोडतच असतात. येणं कमी, जाणं तेवढंच. मग झाड घरातली कर्ती बाई करते तेच करतं, खर्च कापतं. सगळ्यात आधी कळ्या टाकतं, मग उमललेली फुलं, मग जुनी पानं. शिवाय बहराच्या दिवसांत पानांनी तयार केलेली साखर फुलांकडे जास्त जाते, मुळांच्या वाट्याला कमी, म्हणून जखम भरायलाही वेळ लागतो. नियमामागचं शास्त्र एवढंच आहे. म्हणजे नियम दिसायला फुलांचा असला तरी तो मुळांचा आहे. हे एकदा लक्षात आलं की प्रश्न बदलतो. फुलं आहेत का, हे विचारून भागत नाही. मुळांना हात लावायचा आहे का, आणि लावला नाही तर काय होईल, हे विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी शेतकऱ्याला माहीत असते आणि बाल्कनीवाल्याला सहसा नसते. झाड फुललं म्हणजे ते सुखात आहे असं नाही. आपल्याकडे संत्रं, मोसंबी, डाळिंबाच्या बागेत बहार ‘धरतात’. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, ज्याला जो परवडेल तो. धरतात म्हणजे काय करतात? पाणी तोडतात. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. झाड पानं टाकतं, रुसतं, आणि ताण सुटल्यावर अंगभर फुलतं. कुंडीतही हेच होतं. बोगनवेल कुंडीत दाटली की जास्त फुलते. मोगराही मुळांनी कुंडी भरली की एखाद-दोन वर्षं असा काही फुलतो की शेजारी वास घ्यायला येतात. आपण खूश होतो आणि कुंडी बदलायचं पुढे ढकलतो. तिसऱ्या वर्षी फुलं बारीक होतात, पाकळ्या कमी होतात, पानं पिवळी पडतात. बहार हा फारसी शब्द, त्याचा अर्थ वसंत. ताण हा आपला मराठी. बागाइतदाराच्या तोंडी दोन्ही एका वाक्यात येतात.

आता आमचा मोगरा.

हा बटमोगरा अब्बांचा. अब्बा जुन्नर तालुक्यातून पिंपरीत नोकरीला आले, एका कारखान्यात टर्नर होते. कासारवाडीत आमचं बैठं घर होतं, तिथे दाराशी मोगरा जमिनीत होता. ते घर सोडून पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा अब्बांनी त्याची एक फांदी जमिनीवर वाकवून मातीत दाबली, तिला मुळं फुटल्यावर कापून दहा इंची मातीच्या कुंडीत लावली आणि मांडीवर कुंडी घेऊन टेम्पोत बसले. जमिनीतला मोगरा तिथेच राहिला. तिथे आता पार्किंग आहे. अब्बा २०२३ मध्ये गेले. कुंडी तीच होती.

दर गुरुवारी संध्याकाळी अम्मी मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या खुडून ओल्या रुमालात ठेवते. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की माझा भाऊ त्या घेऊन कब्रस्तानात जातो. कबरीवर फुलं घालावीत का, यावर आपल्यात एकमत नाही, हे मला माहीत आहे. दोन कबरींवर ओली फांदी रोवल्याची हदीस एक बाजू पुढे करते. दुसरी बाजू म्हणते, ते पैगंबरांपुरतं होतं, तुम्ही नवी रीत पाडू नका. भाऊ स्वतः दुसऱ्या बाजूचा आहे, तरी फुलं नेतो. कारण आमच्या घरातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांच्या मातीला गेल्यावरही आम्ही घरीच होतो. अम्मीच्या हातचं तिथवर जे काही पोचतं ते एवढंच. मार्च ते पावसाळा, जितके शुक्रवार मोगरा देईल तितके.

यंदा मार्चच्या शेवटी ईद झाली आणि त्यानंतर ऊन असं तापलं की एप्रिलात पारा चाळिशीच्या पुढे गेला. मोगऱ्यावर कळ्या होत्या. अम्मीने मोजल्या होत्या, साठाच्या वर. पण सकाळी सहाला पाणी घातलेलं झाड अकराला मान टाकायचं. संध्याकाळी सावरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी घातलं की ते वरून खाली सरळ वाहून जायचं, थाळी भरायची आणि माती आतून कोरडीच. कुंडीच्या कडेला मातीत बोटभर फट पडली होती. खालच्या भोकातून मुळं बाहेर आली होती, दाढीसारखी.

हे सगळं एकच सांगत होतं, आत माती उरलेलीच नाही, मुळंच आहेत. माझं म्हणणं होतं, कुंडी बदलू. कळ्या सगळ्या काढू, म्हणजे झाडाचा खर्च कमी होईल. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कलियाँ नक्को तोड गे.” आमच्या घरात दखनी बोलतात. ‘नको’ हा शब्द दखनीने मराठीकडून घेतला आणि त्याला आणखी एक क जोडून ठेवला, त्यामुळे अम्मीचं नक्को हे साध्या नकोपेक्षा जड असतं.

तिच्याकडे कारण होतं. अब्बांची बरसी वीस शव्वालला. चांदाच्या हिशोबाने ती यंदा १९ एप्रिलला येत होती. बरसीला दुसऱ्याच्या दुकानातली फुलं?

मी हदीसचा आधार घेतला. हातात रोप असेल आणि कयामत आली तरी ते लावून टाका, असं आपल्याकडे सांगितलंय. तिथे हंगाम, कळ्या, मुहूर्त काहीच विचारलेलं नाही. अम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, लावायला सांगितलंय, उपटायला नाही. या बाईशी वाद घालायचा असेल तर घरून तयारी करून यावं लागतं, आणि मी तर तिच्याच घरात लहानाची मोठी झालेली.

मग मी नवऱ्याला मध्ये घातलं. तो चाकणच्या एका कारखान्यात आहे. चाकणच्या पट्ट्यात जपानी पद्धतीच्या कामाचं प्रशिक्षण ज्यांनी घेतलंय त्यांनी ‘नेमावाशी’ हा शब्द ऐकलेला असतो. मोठा निर्णय जाहीर करण्याआधी संबंधित प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून त्याची तयारी करून घ्यायची, याला नेमावाशी म्हणतात. त्याला तो शब्द मीटिंगच्या संदर्भात माहीत होता. मी मूळ अर्थ शोधला तेव्हा हसूच आलं. शब्द माळीकामाचा आहे. ‘ने’ म्हणजे मूळ. मोठं झाड हलवायचं असेल तर जपानी माळी ते एकदम उपटत नाही. कितीतरी महिने आधी, कधी वर्षभर आधी, खोडाभोवती गोल चर खणून काही मुळं कापतो, चर बुजवतो आणि थांबतो. कापलेल्या टोकांशी, खोडाजवळ, बारीक मुळांचा नवा झुपका येतो. तो आला की झाड उचलायचं. म्हणजे झाडाला आधी कळवायचं. चाकणमधल्या मीटिंगांत हा शब्द ऐकणाऱ्या किती जणांना त्यामागचं झाड माहीत असेल कुणास ठाऊक.

नवऱ्याने अम्मीला समजवायचा प्रयत्न केला नाही. त्याने वेगळाच प्रश्न विचारला: मुळं पाहिलीत का?

नव्हती पाहिली. मुळं न पाहता आम्ही दोघी भांडत होतो. त्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी दिलं, तासभर थांबलो, मग गोणपाटावर कुंडी आडवी केली आणि बाजूंना हाताने थापटलं. साच्यातून ढोकळा निघावा तसा गोळा अख्खा बाहेर सरकला. हे करताना गोळा फुटू द्यायचा नसतो. फुटला नाही तर झाडाला कळतही नाही. मुळं चहूबाजूंनी गोल गोल फिरलेली होती, कुंडीचा आकार घेऊन. पण रंग पांढरट-पिवळसर, दाबली तर टणक, वास ओल्या मातीचा. सडकी मुळं तपकिरी-काळी असतात, दाबली की त्यांची साल हातात येते आणि वास नाक मुरडावं असा येतो. तसं असतं तर त्याच क्षणी, बरसी असो की आणखी काही, कळ्या खुडून कुंडी बदलावी लागली असती. सडलेल्या मुळांना वाट पाहायला सांगता येत नाही. बुरशीचा वेग आपल्या कॅलेंडरपेक्षा जास्त असतो. फुटलेली कुंडी, मुळात शिरलेल्या मुंग्या किंवा हुमणीची अळी, पाण्याचा निचरा पूर्ण बंद होणं, हेही त्याच वर्गातले. तिथे बहराचा नियम लागू नाही.

आमचं झाड आजारी नव्हतं, अडचणीत होतं. अडचण महिनाभर काढता येते. अम्मी जिंकली, आणि मला वाटतं झाडाच्या बाजूनेही तो निर्णय बरोबर होता. चाळीस अंशांत मुळं मोकळी करणं म्हणजे रोजे सुरू असताना ऐन दुपारी डोंगर चढायला सांगण्यासारखं.

गोळा तसाच परत कुंडीत बसवला. मग जे केलं ते सांगते, कारण ही मधली वाट फारसं कुणी सांगत नाही. मातीची कुंडी एका मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवली, तळाशी आणि भोवती ओली माती-कोकोपीट भरलं. कुंडीत कुंडी. याने दोन कामं झाली: आतल्या कुंडीच्या भिंतीला थेट ऊन लागेना, आणि भोकातून बाहेर आलेल्या मुळांना खाली ओल मिळाली. वरची दीड-दोन इंच माती चमच्याने हलकेच काढून तिथे कुजलेलं शेणखत घातलं. पाणी वरून ओतायच्या ऐवजी दर दोन दिवसांनी अख्खी कुंडी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी पडलेली माती वरून घातलेलं पाणी पीत नाही, तिला बुडवूनच पाजावं लागतं. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा म्हणून अम्मीची जुनी ओढणी गजांना बांधली. चार दिवसांत दुपारची मान टाकणं बरंच कमी झालं. कळ्या टिकल्या. १९ एप्रिलला भाऊ रुमाल भरून घेऊन गेला.

बरसीचा हिशोब मी नंतर एकदा करून पाहिला. चांदाचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे आपला रमजान दर वर्षी तेवढा मागे येतो आणि बरसीही. अब्बा गेले तो दिवस २०२३ मध्ये ११ मे होता. यंदा १९ एप्रिल. मोगरा मात्र सूर्याचा ऐकतो. आणखी सात-आठ वर्षांनी वीस शव्वाल जानेवारीच्या अखेरीस-फेब्रुवारीत येईल, म्हणजे नेमक्या मोगऱ्याच्या छाटणीच्या दिवसांत, जेव्हा त्याच्यावर काड्या असतात. हे अम्मीला सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. सांगितलं. ती म्हणाली, तेव्हा शेवंती असते.

शेवंतीवरून आठवलं. सगळ्या झाडांना एकच माप लावू नका. नाताळाच्या सुमारास आणलेली फुललेली शेवंती फुलं संपेपर्यंत हलवू नये. संपली की बुडापासून बोटभर ठेवून छाटावी, मग जे नवे फुटवे येतात ते वेगळे लावावेत. झेंडू, पिटुनिया यांचं आयुष्यच एका हंगामाचं, फुलावर आल्यावर त्यांच्या कुंडीची चिंता करण्यात अर्थ नाही. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात होते, तेव्हाच मातीचं उरकून घ्यावं. आणि जास्वंद? सदाफुली? त्यांना बहर संपणं हा प्रकारच माहीत नाही. फुलं संपू देत, मग बदलू, असं म्हणणारा जास्वंदीच्या बाबतीत जन्मभर थांबेल. तिथे फुलांकडे न पाहता आभाळाकडे पाहायचं. ढगाळ, दमट दिवस निवडायचा, दोन-चार दिवस कळ्या गळतील हे धरून चालायचं. तिचा राग आठवडाभराचा असतो.

मोगरा या दोघांच्या मधला. त्याचा बहर लाटांनी येतो. एक लाट ओसरते, मधे काही दिवस नुसतं पान, मग नव्या कोंबांवर पुन्हा कळ्या. म्हणजे एक खिडकी उघडते. मे महिन्याच्या मध्यावर पहिली लाट संपली, खिडकी उघडली, पण ऊन तसंच होतं. ठरवलं की मृगाची वाट पाहू. ७-८ जूनला मृग लागतं, बकरीदही यंदा ७ जूनला होती. ईद झाली की दुसऱ्या दिवशी कुंडी, असं अम्मीशी बोलणं झालं. आमच्या जुन्नरकडच्या घरात सणांसाठी चांद आणि पेरणीसाठी नक्षत्र हे दोन्ही हिशोब एकाच भिंतीवर असायचे, त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

पण यंदा पाऊस नक्षत्राला थांबला नाही. मान्सून केरळात २४ मेला पोचला आणि २६ मेला मुंबई-पुण्याला, नेहमीपेक्षा जवळपास दोन आठवडे आधी. हवा एकदम बदलली. ढग, गारवा, बाल्कनीच्या गजांवर पाण्याचे थेंब. कुंडी बदलायला याहून चांगले दिवस मिळत नाहीत. आणि मोगऱ्याने नेमकी दुसरी लाट धरलेली होती. कळ्या, तीस-चाळीस.

पुन्हा तोच प्रश्न. फरक एवढाच की आता माझ्या बाजूने आभाळ होतं. मला वाटलं होतं, या वेळी बकरीदचं निमित्त येईल. बुधवारी रात्री मी अम्मीला मुळांचे एप्रिलमध्ये काढलेले फोटो पुन्हा दाखवले. तिने फोन जवळ-लांब करून पाहिले. काही बोलली नाही. गुरुवारी अस्रनंतर मी खुरपं, माती, बारा इंची नवी कुंडी असं सगळं मांडलं तेव्हा ती कात्री घेऊन आली. माझ्या हातात दिली नाही. खाली पाटावर बसून तिने स्वतः एकेक कळी कापली. टपोऱ्या वेगळ्या, हिरव्या बारीक वेगळ्या. टपोऱ्या ओल्या रुमालात गेल्या. बारीक उमलणार नव्हत्या हे तिलाही माहीत होतं, त्या तिने एका वाटीत पाण्यात ठेवल्या, तरीपण.

बाकीचं काम अर्ध्या तासाचं. दहा इंचांवरून बारा इंच, त्याहून मोठी कुंडी घ्यायची नाही. मोठ्या घरात झाड खूश होईल हा आपला गैरसमज; मुळं पोचलेली नसतात तिथली माती ओलीच राहते आणि आंबते. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून. आपल्या भागातली मूळची काळी माती कुंडीत एकटी वापरू नये, पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. गोळ्याच्या बुडाशी गुंडाळलेली मुळं इंचभर कापली, बाजूंना चाकूने चार उभ्या चिरा दिल्या, म्हणजे मुळं गोल फिरायचं सोडून बाहेर निघतील. मुळं कापली तेवढ्या बेताने फांद्याही एक तृतीयांश छाटल्या. वर कमी, खाली कमी, हिशोब जुळला.

बुडाची मुळं सोडवताना त्यांच्या मुठीत एक खापरी निघाली. कुंडीच्या भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवतात ती. पण ही खापरी नव्हती, बशीचा तुकडा होता, निळ्या काठाचा. अम्मीने ओळखला. कासारवाडीच्या घरात सहा कप-बशांचा संच होता, सामान बांधताना त्यातली एक बशी फुटली आणि त्यावरून तिने अब्बांना बरंच ऐकवलं होतं. तुकडे फेकले म्हणाले होते, ती म्हणाली. तिने तो धुतला आणि नव्या कुंडीच्या भोकावर तोच ठेवायला लावला. भोकापेक्षा जरासा लहान होता, म्हणून बाजूला आणखी एक खापरी घातली.

कुंडी दहा-बारा दिवस आतल्या सावलीत होती. खत काही नाही, नुसतं पाणी, तेही माती बोटाला कोरडी लागली तरच. पहिल्या आठवड्यात खालची पंधरा-वीस पानं पिवळी होऊन गळली. हे होतं, घाबरायचं नसतं. बकरीदला झाडावर एकही फूल नव्हतं आणि त्या शुक्रवारी, आदल्या दिवशीही, रुमाल रिकामा होता. अम्मीने भावाबरोबर गुलाबाच्या पाकळ्या पाठवल्या, बाजारातल्या. मोहरमचा चांद दिसला त्या आठवड्यात पहिले तांबूस कोंब आले. ऑगस्टमध्ये एक छोटी लाट येऊन गेली, चौदा-पंधरा फुलं, पण पाकळ्या पूर्वीसारख्या गच्च.

त्या गुरुवारी रात्रीचं सांगायचं राहिलं. रुमालातल्या टपोऱ्या कळ्या रात्रीत उमलल्या, तशा त्या दर गुरुवारी उमलतातच. मोगरा झाडावर असो की रुमालात, कळी पुरती भरलेली असेल तर ती अंधार पडल्यावर उघडते. फजरला उठले तेव्हा स्वयंपाकघरभर वास होता. वाटीतल्या बारीक कळ्यांपैकीही तीन उमलल्या होत्या, अर्ध्यामुर्ध्या. अम्मीने त्याही रुमालात घातल्या.

जानेवारीत छाटणी करायची आहे. कात्री अम्मीने कुठेतरी ठेवली आहे आणि विचारलं तर आठवत नाही म्हणते.